खलनायक सोडा, नायक काय करतो ते बघा

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: सासूबाई संध्याकाळी सात ते दहा मालिका बघतात आणि आठवीतली मुलगी त्यांच्याजवळ बसून असते. हल्ली ती मालिकेतल्या नणंदेसारखे टोमणे मारते. परवा नवऱ्यानं बायकोच्या थोबाडीत मारल्याचा प्रसंग चालू असताना ती सहज म्हणून गेली, "तिनंच चिडवलं ना त्याला." यजमानांचं म्हणणं, करमणूक आहे, ज्याची अक्कल त्याच्याजवळ. तुम्हाला ते पटत नाही. आणि मी मालिका लिहिते हे ठाऊक असल्यामुळे शेवटी तुम्ही थेट विचारलंत, की जबाबदारी लिहिणाऱ्याची की बघणाऱ्याची?

मी बरीच वर्षं मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते, मधल्या काळात पटकथाही लिहिल्या. त्या अनुभवावरून सांगते, मुलीच्या टोमण्यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. टोमणे मुलं शाळेतून, शेजारून, आपल्याच घरातून उचलतात आणि टाकूनही देतात. मला धास्ती वाटते ती तिच्या त्या एका वाक्याची. ते वाक्य तिला कुठल्याही खलनायिकेनं शिकवलेलं नाही. मालिकेतल्या चांगल्या माणसांनी शिकवलंय.

आपल्याकडे करमणुकीबद्दल वाद झाला की सगळ्यांचं बोट आधी खलनायकाकडे जातं. कटकारस्थानं, विषाचा पेला, दारू, शिव्या. मला हे निदान कधीच पटलेलं नाही. निळू फुले आठवा. मराठी पडद्यावर त्यांच्यासारखा लंपट पाटील, बेरकी सरपंच, कारखान्याचा चेअरमन दुसऱ्या कुणी उभा केला नाही. गावोगावच्या बायका त्यांना खरोखर घाबरायच्या, शिव्याशाप द्यायच्या. प्रत्यक्षात तो माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कामात शेवटपर्यंत वावरलेला. त्यांनी रंगवलेला पाटील बघून कुणाला पाटील व्हावंसं वाटलं असेल, असं मला वाटत नाही. उलट गावातल्या तसल्या माणसाकडे बघायची नजर लोकांना मिळाली. कथेनं त्या माणसाला कुठेही माफ केलं नव्हतं, म्हणून हे झालं.

आता त्याच काळातला आणि नंतरचाही आपला नायक बघा. मुलगी नको म्हणते, तो मागे जातो. ती रागावते, तो गाणं म्हणतो. मित्र तिची वाट अडवतात आणि शेवटी ती हसते. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे प्रेम म्हणून बघितलं. एखाद्या मुलीचा असा सतत पाठलाग करणं हा आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला तो २०१३ मध्ये, दिल्लीतल्या निर्भयाच्या त्या भयंकर घटनेनंतर. कायदा बदलला तरी गाण्यातला नायक लगेच बदलला नाही, कारण तो वाईट करतोय असं कुणाला वाटतच नव्हतं. खलनायकाचं वागणं प्रेक्षक तपासून घेतो. नायकाचं तपासत नाही, आपलं म्हणून घरात घेतो.

हे मालिकेत नेमकं कसं घडतं ते जरा जवळून सांगते. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता आमच्या हातात बावीसेक मिनिटं असतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आठवड्याला सहा-सात भाग द्यायचे, चित्रीकरण घोडबंदरला, मढला नाहीतर नाशिक-साताऱ्याकडे चाललेलं, आणि भागांची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, संपत आलेली. अशा वेळी स्टोरी मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास येतं: "हीरो निगेटिव्ह होतोय." म्हणजे काय, तर ट्रॅकला, म्हणजे चालू कथाभागाला, वळण हवं म्हणून नायकाला बायकोवर संशय घ्यायला लावायचा, हात उचलायला लावायचा, घराबाहेर काढायला लावायचं. पण तो पुढची दोन वर्षं पोस्टरवर असणार, म्हणून त्याच्याबद्दल प्रेक्षकाच्या मनात किंतु राहता कामा नये. हे दोन्ही साधायचा मार्ग एकच उरतो. त्यानं केलेल्या गोष्टीला कारण द्यायचं. त्याचे कुणीतरी कान भरले होते, तो ताणात होता, त्याचं प्रेमच इतकं आहे. म्हणजे मारणारा तो, पण दोष कट करणाऱ्या नणंदेचा आणि थोडासा मार खाणारीचा. तुमची मुलगी जे बोलली ते इथून आलंय.

असा एक प्रसंग माझ्या टेबलावर आला होता. हॉल, रात्र, घरातले सगळे हजर. त्याचा हात उठतो. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो, सासू, दीर, जाऊ, स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मावशी. भाग तिथे थांबतो. दुसऱ्या दिवशी 'मागील भागात' म्हणून तीच थोबाडीत पुन्हा, शिवाय आठवडाभर प्रोमोत पुन्हा. एक थोबाडीत प्रेक्षक सहा-सात वेळा सहज बघतो. थोबाडीत काढून टाका असं मी म्हटलं नाही. घराघरात ती पडते, तर पडद्यावर का नको? माझा सगळा जोर पुढच्या वाक्यावर होता. आराखड्यात सासूच्या तोंडी होतं, "तोही किती ताणात आहे गं." सासू म्हणजे त्या मालिकेतलं सगळ्यात लाडकं, समजूतदार पात्र. तिनं हे म्हटलं की महाराष्ट्रातल्या कितीतरी सासवांना आणि सुनांना ते शहाणपण वाटणार. वाहिनीकडून आलेल्या मंडळींची अडचण नेहमीचीच, हीरो निगेटिव्ह होईल. बराच वेळ वादावादी झाली. शेवटी प्रक्षेपित झालं ते असं: सासू मुलाचं वाढलेलं ताट उचलते आणि म्हणते, "आज तुला मी वाढणार नाही. आधी तिच्याशी बोल, मग माझ्याकडे ये." मुलगा तीन भाग उपाशी-अपराधी फिरला आणि प्रेक्षकांनी त्याला सोडलं नाही. त्याला माफी मिळाली, पण मागावी लागली.

एवढासा फरक. थोबाडीत तीच, नट तेच, सेट तोच. माझ्या कामातली जबाबदारी म्हणजे एवढंच असतं आणि ते फार असतं. काय दाखवलं यापेक्षा त्यानंतर कोण काय बोललं, कुणाला किंमत मोजावी लागली आणि कुणाला फुकट सुटका मिळाली, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

"पण आम्ही तर वाईट म्हणूनच दाखवलं होतं," असं आमच्यातले पुष्कळ लोक म्हणतात. ते पुरत नाही, याला जुने दाखले आहेत. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. भारतातली ही पहिली मोठी क्रमशः चालणारी मालिका, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, दीडशेहून अधिक भागांची. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन पोचवण्याची जी पद्धत बसवली होती, तिच्यावरून ही बेतलेली. एक पात्र चांगल्या वाटेचं, एक वाईट वाटेचं, एक मधलं, हळूहळू बदलणारं. भागाच्या शेवटी अशोककुमार स्वतः येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. त्यात भागवंती नावाची आई होती, सोसणारी, मूक, सगळ्यांसाठी राबणारी. 'असं सोसत राहू नका' हे सांगायला तिला उभी केली होती. नंतर अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा कितीतरी स्त्री-प्रेक्षकांनी तिलाच आदर्श म्हणून निवडलं होतं. अमेरिकेत १९७१ पासून गाजलेल्या 'ऑल इन द फॅमिली'त आर्ची बंकर नावाचा वंशद्वेष्टा बाप होता, त्याची खिल्ली उडवावी म्हणून लिहिलेला. १९७४ च्या एका अभ्यासात दिसलं, की मुळात पूर्वग्रह असलेले प्रेक्षक त्याच्यावर हसत नव्हते, त्याच्या बाजूनं हसत होते. म्हणजे प्रेक्षक कोरी पाटी घेऊन बसत नाही. तो घरून काहीतरी घेऊन येतो आणि आमचं लिखाण त्याच्यावर पडतं. हे ठाऊक असताना 'आमचा हेतू चांगला होता' म्हणून हात झटकणं मला लेखकाला शोभणारं वाटत नाही.

याचा अर्थ मालिका म्हणजे विष, असं मी म्हणतेय का? मुळीच नाही, आणि हा भाग मला विशेष ठासून सांगायचाय, कारण 'बायकांच्या मालिका' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरयाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या स्त्रियांच्या पाहण्यांवरून एक अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यात केबल आली, की थोड्याच काळात तिथल्या बायकांची उत्तरं बदलत होती. नवऱ्यानं मारणं चालतं असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, मुलगाच हवा म्हणणाऱ्या कमी झाल्या, घरातल्या निर्णयांत त्यांचा शब्द वाढला. हा काळ कुठला? सासू-सुनांच्या हिंदी मालिका ऐन भरात होत्या तो! त्या मालिका काही सुधारकांनी काढलेल्या नव्हत्या. पण त्यांत शहरातल्या बायका होत्या, शिकलेल्या, बाहेर पडणाऱ्या, पैशाचे व्यवहार करणाऱ्या. खेड्यातल्या बाईला त्या कथेपेक्षा ते राहणं दिसलं. ब्राझीलमध्येही असंच. तिथल्या ग्लोबो वाहिनीच्या मालिकांतल्या नायिकांना एखादं मूल असायचं किंवा तेही नसायचं. ज्या भागात त्या वाहिनीचं प्रक्षेपण पोचलं तिथे जन्मदर घटला आणि जन्मलेल्या पोरांना मालिकेतली नावं ठेवली जाऊ लागली, असं २०१२ च्या एका अभ्यासात आहे. 'कुटुंब लहान ठेवा' असं कुणी म्हटलं नव्हतं. चांगल्या, सुखी, हव्याशा वाटणाऱ्या माणसांचं घर लहान होतं, एवढंच.

म्हणजे फिरून मुद्दा तोच. लोक उपदेश घेत नाहीत, नेहमीचं म्हणून जे दाखवलंय ते घेतात. म्हणूनच पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी लावून जबाबदारी संपते हे मला पटत नाही. २०१२ पासून धूम्रपानाच्या दृश्यावर इशारा द्यावा लागतो. असावा तो इशारा. पण नायकाला सिगारेटमुळे रुबाब येत असेल, तर पट्टी कोण वाचतंय? 'आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही' ही पाटी सुरुवातीला आणि मग पंधरा दिवस बाहुलीला टाचण्या, करणी, अंगात येणं, आणि शेवटी त्या मांत्रिकाचंच खरं ठरणं. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावा लागला आणि त्यानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हे लिहिताना माझा हात थांबतो. मी असे ट्रॅक नाकारलेत आणि पुढेही नाकारीन.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. पाठोपाठ राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आणि आपल्या मालिकांत? बांगड्या फुटताना अजूनही स्लो मोशन, वरून आलाप. प्रसंग दुःखाचा असतो, बघणाऱ्याचे डोळे भरतात, म्हणून कुणी आक्षेप घेत नाही. पण एक खेडं पुढे गेलं आणि पडदा मागे राहिला, असं चित्र मराठी लेखकाला झोंबायला हवं.

आत्महत्येच्या प्रसंगांबद्दल मी सगळ्यात कडक आहे. कुणीतरी जीव द्यायला निघतं, भाग तिथे थांबतो, दुसऱ्या दिवशी वाचतं आणि ज्यानं त्रास दिला त्याला पश्चात्ताप होतो. प्रेक्षकाला अडकवून ठेवायचा हा हुक सोपा आहे म्हणून वापरला जातो. त्यातून तरुण मनावर ठसतं काय, तर मरायला निघालं की लोक ऐकतात. अशा कथा आणि बातम्यांचं अनुकरण होतं, हे १९७४ पासून संशोधनात मांडलं गेलंय. व्हिएन्नाच्या मेट्रोतल्या आत्महत्यांच्या बातम्या देण्याची तऱ्हा वर्तमानपत्रांनी १९८७ मध्ये बदलली आणि तिथल्या आत्महत्या काही महिन्यांत झपाट्यानं कमी झाल्या. ऑस्ट्रियातल्याच संशोधकांनी २०१० मध्ये याची दुसरी बाजूही दाखवली. संकटातून माणूस कसा बाहेर पडला याची गोष्ट सांगितली तर तिचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये खास पडद्यासाठी काम करणाऱ्यांकरता मार्गदर्शन काढलं: पद्धत दाखवू नका, त्याला गौरव देऊ नका, मदत मागणारं आणि मदत करणारं माणूस दाखवा. एवढं लिहिणं कुणालाही जमण्यासारखं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक एखाद्या पात्राच्या तोंडी आला तर कथेचं काही बिघडत नाही.

मग बंदी घालावी का? याबाबत मी स्पष्टपणे विरोधात आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी एका खटल्यात कसोटी सांगितली होती. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, विचारी, धीट माणसाच्या मापानं. डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापानं नाही. १९८८ मध्ये फाळणीवरच्या 'तमस' मालिकेचं प्रक्षेपण थांबवण्यासाठी अर्ज आला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी ती आधी बघितली आणि मग दाखवायला परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरताना याच नागपूरच्या कसोटीचा आधार घेतला. मला ही कसोटी फार मोलाची वाटते. सरकारनं आणि जमावांनी काय बंद पाडू नये, हे ठरवायला ती हवीच. पण ती कायद्याची कसोटी आहे, माझ्या टेबलाची नाही. संध्याकाळी साडेसातला माझं लिहिलेलं बघणारी तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. ती खंबीर आणि विचारी होईल, पण अजून व्हायची आहे. कायद्यानं मला मोकळीक दिली म्हणून माझ्या शिरावरचं ओझं हलकं झालं, असं मी धरत नाही. मला तर ते वाढल्यासारखं वाटतं.

आता 'लोकांना हेच हवं असतं' या वाक्याबद्दल. मीटिंगमध्ये ते शेवटचं अस्त्र म्हणून निघतं. लोकांना काय हवंय हे कळतं कसं? बार्क ही संस्था देशभरात ५५ हजारांच्या आसपास घरांत मीटर बसवून मोजणी करते आणि दर गुरुवारी आकडे येतात. त्या घरातला माणूस टीव्हीसमोर बसला की आपल्या नावाचं बटण दाबतो. मीटरला एवढंच कळतं, की अमुक माणूस अमुक वाहिनीसमोर इतकी मिनिटं होता. त्याला प्रसंग आवडला, की तो चिडून बघत होता, की भाजी निवडता निवडता नुसता आवाज चालू होता, हे काही त्यात येत नाही. गुरुवारचा आकडा वर गेला की त्या आठवड्यात जे घडलं ते 'चाललं' असं धरलं जातं आणि त्याचीच दुप्पट मात्रा पुढच्या आठवड्यात येते. शिव्या घालत बघणारा प्रेक्षक त्या आकड्यात चाहताच असतो. मोबाइलवर त्या प्रसंगाची क्लिप 'काय हा मूर्खपणा' म्हणून पुढे पाठवणाराही त्याचा प्रसारच करत असतो. बघणाऱ्याची जबाबदारी मला दिसते ती इथे. नावं ठेवण्यानं काही हलत नाही, बंद करण्यानं हलतं.

नटांबद्दल थोडक्यात. खलनायिका करणाऱ्या मुलींना रस्त्यात आणि समाजमाध्यमांवर जी घाण भाषा ऐकावी लागते ती थांबायला हवी. त्या पात्राच्या वागण्याला ती मुलगी जबाबदार नाही. पण तोच लोकप्रिय चेहरा जाहिरातीत येऊन 'मी हे वापरतो' म्हणतो तेव्हा तो पात्र नसतो, स्वतःच्या नावानं शब्द देत असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिचा चेहरा होणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तिथे 'मी फक्त कलाकार' हे म्हणणं मी ऐकून घेत नाही. वेलचीच्या नावाखाली पानमसाल्याची ओळख घट्ट करणारे मोठे नट मला पडद्यावरच्या कुठल्याही दरोडेखोरापेक्षा जास्त खुपतात.

तुमच्या घराबद्दल. सासूबाईंचा टीव्ही बंद करू नका. दिवसभर घरातलं उरकून त्यांना मिळणारे हे तीन तास आहेत, आणि त्या मालिकांतल्या माणसांशी त्यांचं नातं खरं आहे. नातीचंही त्यांच्याजवळ बसणं मोडू नका. पण तुम्ही दोघांपैकी कुणीतरी आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जाऊन बसा, पोळ्या लाटून झाल्या की अर्धा तास. उपदेश करू नका, प्रश्न विचारा. "त्यानं मारलं, मग घरातलं कोण काय म्हणालं? कुणीच काही का नाही म्हणालं? ती माफी मागतेय, पण कशाची?" आठवीतल्या मुलांना कथेतल्या खोचा काढायला आवडतं आणि त्या त्यांना चटकन दिसतात. सासूबाईंनाही विचारा, तुमच्या लेकीला असं झालं असतं तर? त्यांच्या पिढीकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि ते नातीनं आजीच्या तोंडून ऐकणं कुठल्याही मालिकेपेक्षा जास्त परिणाम करतं. यजमानांनाही बसवा. नवऱ्यानं हात उचलणं चूक आहे, हे मुलीनं वडिलांच्या तोंडून एकदा तरी स्पष्ट ऐकायला हवं. 'ज्याची अक्कल त्याच्याजवळ' हे मोठ्यांपुरतं ठीक आहे. तेरा वर्षांच्या मुलीची अक्कल घडवण्यात तुमच्या घराचाच सगळ्यात मोठा वाटा आहे.

मोबाइलवरच्या वेब मालिकांना वयाचे शिक्के असतात, ७, १३ आणि १६ वर्षांवरच्यांसाठी वेगळे, आणि १३ किंवा त्यावरचा शिक्का असलेल्या मालिकांना कुलूप घालायची सोय द्यावीच लागते. ती सोय वापरा. दूरचित्रवाणीवर तसं नाही, तिथे लिहून कळवावं लागतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीला तुमच्या तक्रारीचा निकाल १५ दिवसांत द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील करता येतं. लिहिताना 'तुमच्या मालिका बंद करा' असं लिहू नका, ते पत्र कुणी पुढे नेत नाही. भागाची तारीख लिहा, वेळ लिहा, कुठल्या पात्रानं काय वाक्य म्हटलं ते जसंच्या तसं लिहा, आणि तुमच्या मुलीनं ते ऐकून काय म्हटलं तेही लिहा. स्टोरी मीटिंगमध्ये असं एखादं पत्र हातात असलं, की वाक्य बदलून घ्यायला माझ्यासारखीला फार उपयोगी पडतं.